गाडीचा ब्रेक रात्रीतून बदलतो, तेव्हा जाब कुणाला विचारायचा?

गाडी आपली, हप्ते आपले, विमा आपला, लायसन्सही आपलं. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गाडी किती जोरात मंदावणार, हे ठरवणारा माणूस भलत्याच शहरात, कदाचित भलत्याच देशात कॉम्प्युटरसमोर बसलेला. आणि तो हे गाडी विकल्यानंतरही बदलू शकतो. रात्री, गाडी पार्किंगमध्ये उभी असताना.

इलेक्ट्रिक गाड्यांबाबत ही गोष्ट आता नेहमीची झालीय, पण आपल्याकडे तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. रेंज किती, चार्जिंगला वेळ किती, बॅटरी किती वर्षं टिकणार यावर ग्रुपवर शेकडो मेसेज पडतात. सरकारही अटल सेतूवर ऑगस्ट २०२५पासून ई-गाड्यांना टोलमाफी देतंय, म्हणजे या गाड्या वाढणारच. वाढाव्यातच. मी ईव्हीच्या विरोधात नाही, अपडेटच्याही विरोधात नाही. पण ब्रेकशी संबंधित अपडेट आणि फोनच्या ॲपचं अपडेट यांना एकाच मापानं मोजणं थांबलं पाहिजे, एवढाच या पोस्टचा मुद्दा. पोस्ट लांब आहे. ईव्ही तुमची नसली तरी वाचा, कारण तिच्या मागेपुढे रस्त्यावर तुम्ही असणारच आहात.

आधी रिजन म्हणजे काय ते

जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा. टायरला टेकवला की दिवा लागायचा, पण पेडल जड व्हायचं. वीज फुकट तयार होत नाही, ती चाकाचा जोर खाऊन तयार होते. रिजनरेटिव्ह ब्रेकिंग हेच. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटी भूमिका घेते, चाकाच्या फिरण्यातून वीज बनवते, ती बॅटरीत जाते आणि गाडी मंदावते. ब्रेकला पायही न लावता.

पेट्रोल-डिझेल गाडीतही पाय काढल्यावर इंजिनाचा अवरोध असतो. घाट उतरताना जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. पण तो अवरोध लोखंडाचा होता. इंजिन आणि गिअर बदलत नाहीत तोवर तो बदलत नव्हता. ईव्हीत हा अवरोध किती असावा, हा सॉफ्टवेअरमधला एक आकडा आहे. आकडा बदला, गाडीचा स्वभाव बदलतो.

ब्रेक पेडलचंही तसंच. बऱ्याच ईव्ही आणि हायब्रीड गाड्यांत पेडल दाबल्यावर आधी मोटर गाडी मंदावते आणि लागेल तसे डिस्क-ड्रमचे खरे ब्रेक त्यात मिसळले जातात. कुठल्या क्षणी कोण किती जोर लावणार, हे ठरवतं सॉफ्टवेअर.

आकडा बदलला तर काय होतं

एक साधा हिशेब करू. गाडी ५०च्या वेगात आहे. पाय काढल्यावर रिजनमुळे दर सेकंदाला वेग साधारण ७ किलोमीटरनं कमी होतो असं धरा. एवढाच जोर टिकला तर गाडी सुमारे ४८ मीटरमध्ये थांबायला येते. आता रिजन निम्मं करा. तीच गाडी, तोच वेग, तोच पाय. अंतर होतं ९६ मीटर. चार एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा लागेल, साधारण तेवढी गाडी पुढे जाते.

तुम्ही म्हणाल, मग ब्रेक मारायचा की! बरोबर. पण रोज ईव्ही चालवणाऱ्याला विचारा. महिना-दोन महिन्यांत पायाला सवय लागते. सिग्नलच्या किती आधी पाय काढायचा, स्पीड ब्रेकरला किती सोडायचं, हे डोकं ठरवत नाही, पाय ठरवतो. एक-पेडल मोडमध्ये तर दिवसदिवस ब्रेकला पाय लागत नाही. अशा माणसाच्या गाडीचं रिजन एका सकाळी कमी झालं, तर पाय काढल्यावर गाडी थांबत नाही म्हणून तो दचकतो. दचकलेला पाय प्रत्येक वेळी योग्य पेडलवरच जाईल याची खात्री कुणीही देऊ शकत नाही.

उलटंही तितकंच वाईट. रिजन अचानक वाढलं, तर पाय काढताच गाडी करकचून मंदावते आणि मागून येणारा दुचाकीवाला डिकीवर आदळतो. त्यानं तर अपडेट घेतलंही नव्हतं.

ही नुसती भीती नाही, उदाहरणं आहेत

फेब्रुवारी २०१०. टोयोटानं जगभरातल्या सुमारे ४ लाख ३७ हजार प्रियस आणि इतर हायब्रीड गाड्या परत बोलावल्या. तक्रार अशी की खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर हलका ब्रेक लावला असताना क्षणभर ब्रेक सुटल्यासारखं वाटायचं. एबीएस कामाला लागताना मोटरचा ब्रेक आणि तेलाचा ब्रेक यांच्यात जी अदलाबदल व्हायची, तिच्यात तो क्षण जायचा. दुरुस्ती काय होती? नवीन सॉफ्टवेअर. आपल्या रस्त्यांची अवस्था पाहता 'खडबडीत किंवा निसरडा' हे शब्द पुन्हा एकदा वाचा.

मे २०१८. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेनं टेस्ला मॉडेल ३ तपासली. ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीनं १५२ फूट घेतले. संस्थेनं गाडीची शिफारस करायला नकार दिला. कंपनीनं आठवड्याभरात एबीएसचं सॉफ्टवेअर बदलून दूरवरूनच गाड्यांना पाठवलं. पुन्हा चाचणी झाली, अंतर १३३ फूट. १९ फुटांचा फरक पडला आणि कुणी पाना हातात घेतला नव्हता. याचं कौतुकच केलं पाहिजे, कारण या १९ फुटांत एखाद्याचा जीव वाचतो. पण जे सॉफ्टवेअर १९ फूट कमी करू शकतं, ते चुकलं तर तेवढेच वाढवूही शकतं. आणि तेही घरबसल्याच.

मे २०२३. चीनमध्ये ११ लाखांहून अधिक टेस्ला गाड्यांसाठी रिकॉलचा आदेश निघाला. तिथल्या नियामकाचं म्हणणं होतं की या गाड्यांत रिजनची तीव्रता निवडायची सोयच चालकाला ठेवलेली नाही आणि त्यामुळे चुकून ॲक्सिलरेटर दाबला जाण्याची शक्यता वाढू शकते. निवडीची सोय परत द्या, आणि ॲक्सिलरेटर बराच वेळ खोलवर दाबलेला असेल तर चालकाला इशारा द्या, असा उपाय ठरला. तोही सॉफ्टवेअरनंच. म्हणजे एका सरकारनं जाहीरपणे मान्य केलं की रिजन किती हवं हे निवडण्याचा पर्याय ही चैनीची गोष्ट नाही, सुरक्षेची आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत ह्युंदाई-किया समूहाच्या काही ई-गाड्यांबद्दल वेगळाच प्रश्न आला. एक-पेडल मोडमध्ये चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर किंचित जरी टेकलेला असेल, तर गाडी चांगलीच मंदावत असूनही मागचे ब्रेक लाइट लागत नव्हते. मागच्याला कळणार कसं? तिथेही उपाय सॉफ्टवेअर. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत याचा आकडा दिलेला आहे. रिजनमुळे वेग दर सेकंदाला साधारण पावणेपाच किलोमीटरपेक्षा जास्त घटत असेल, तर ब्रेक लाइट लागलेच पाहिजेत.

आपल्याकडे चांगलं उदाहरण नाही का? आहे.

जुलै २०२२मध्ये टाटानं आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉन ईव्हीच्या जुन्या ग्राहकांना, २२ हजारांहून अधिक जणांना, रिजनचे वेगवेगळे टप्पे, क्रूझ कंट्रोल वगैरे सोयी सॉफ्टवेअरमधून दिल्या. गाडी आधी विकलेली, सोय नंतर आली. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की हे काम सर्व्हिस सेंटरवर झालं. मालक स्वतः गाडी घेऊन गेला, काय बदलणार हे त्याला माहीत होतं, बदल झाल्यावर गाडी चालवत तो घरी आला. आणि टप्पे निवडायचे की नाही हे त्याच्या हातात राहिलं.

आता सगळं दूरवरून, हवेतून येतं. सोय मोठी, खर्च कमी, दुरुस्ती झटपट. पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जो संवाद व्हायचा, तो या प्रवासात गळून गेला.

आमच्याच सोसायटीतली एक गाडी. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. अपडेटनंतर रिजनची ठेवलेली लेव्हल आपोआप मूळ जागेवर गेली. गाडी घरातले तिघं चालवतात. ज्यानं स्क्रीनवर 'ओके' दाबलं तो वेगळा आणि सकाळी गाडी काढली ती त्याची आई. गेटच्या उतारावर तिला फरक जाणवला, नशिबानं पुढे कुणी नव्हतं. या अपडेटमध्ये नेमकं काय बदललं, असं मी त्यांच्या वतीनं सर्व्हिस सेंटरला लेखी विचारलं. उत्तर आलं, 'कामगिरीतील सुधारणा व किरकोळ दुरुस्त्या.' गाडी थांबण्याची पद्धत बदलणं किरकोळ असेल, तर मग मोठं काय असतं?

घाट हा आपला खास प्रश्न

रिजनची एक मर्यादा प्रत्येक ईव्हीवाल्याला माहीत असायला हवी. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर नवी वीज ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी रिजन कमी करते किंवा बंदच करते. बरं, घाटात तयार होणारी ऊर्जा काही थोडी नसते. पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरताना साधारण पाचशे मीटर खाली येतो आपण. दीड टनाच्या गाडीच्या बाबतीत ही सुमारे दोन युनिट ऊर्जा होते. ती बॅटरीत तरी जाणार, नाहीतर ब्रेकच्या डिस्कवर उष्णता होऊन तरी निघणार. हॉटेलवर रात्रभर लावून शंभर टक्के चार्ज केलेली गाडी सकाळी थेट घाटात घातली, तर पहिल्या काही वळणांवर ती रोजच्यासारखी मंदावणार नाही.

किती टक्क्यांच्या वर रिजन कमी करायचं, ते एकदम तोडायचं की हळूहळू, तेवढ्यापुरता खऱ्या ब्रेकचा जोर आपोआप मिसळायचा की नाही, हे सगळंही सॉफ्टवेअरच ठरवतं आणि अपडेटमध्ये बदलू शकतं. सपाट रस्त्यावर तपासून पाठवलेला बदल खंबाटकीच्या किंवा आंबोलीच्या उतारावर कसा वागेल, हे गाडीच्या मालकानं स्वतः उतरून शोधायचं का?

ड्रायव्हर वेगळा, मालक वेगळा

खासगी गाडीचं एक वेळ ठीक. पण ई-कॅब आणि ई-बसचं काय? तिथे 'ओके' दाबणारा चालक नसतोच. कंपनी, ठेकेदार किंवा डेपो ठरवतो. चालक दोन शिफ्टमध्ये दोन वेगळ्या गाड्यांवर असतो, एकीत जुनं सॉफ्टवेअर, दुसरीत नवं.

९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि माणसं गेली. प्रकरण न्यायालयाचं आहे, दोषाबद्दल इथे काही म्हणायचं नाही, आणि त्याचा अपडेटशी संबंधही जोडायचा नाही. पण त्यानंतरच्या चर्चेत एक मुद्दा ठळकपणे पुढे आला होता. साध्या गिअरच्या बसवरून ऑटोमॅटिक ई-बसवर येणाऱ्या चालकाला प्रशिक्षण किती मिळतं? पेडलाखालचा प्रतिसाद बदलला की अनुभवी माणूसही काही काळ नवशिका होतो, हे आपण तेव्हा मान्य केलं. मग तोच प्रतिसाद सॉफ्टवेअरनं बदलला तर प्रशिक्षण नको, निदान सूचना तरी नको?

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आपण आपल्या गाडीत मनाला येईल तसे बदल करू शकत नाही. कंपनीनं दिलेली आणि आरसीवर नोंदलेली वैशिष्ट्यं बदलली तर आरटीओ दारात उभं करत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं कलम ११०अ आलं आणि सदोष गाड्या परत बोलावायला लावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत. पण गाडीत दोष नाही, फक्त स्वभाव बदललाय आणि मालकाला कळवलेलं नाही, अशा वेळी सामान्य माणसाच्या हाती काय लागतं?

संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५६ खास वाहनांच्या सॉफ्टवेअर अपडेटवर आहे. तो २०२१मध्ये लागू झाला आणि युरोपीय संघात जुलै २०२४पासून सगळ्या नव्या गाड्यांना बंधनकारक आहे. अपडेट करण्याआधी वापरकर्त्याला त्याचा उद्देश आणि गाडीच्या कार्यात होणारे बदल सांगितले पाहिजेत, अपडेट अर्धवट फसलं तर गाडी आधीच्या आवृत्तीवर किंवा सुरक्षित स्थितीत गेली पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे याच विषयावर एआयएस-१९० हे मानक आहे. ही मानकं तयार करणाऱ्या समितीचं काम बघते एआरएआय, आणि ती संस्था आहे आपल्या पुण्यात, वेताळ टेकडीवर. म्हणजे हा विषय दिल्लीचा किंवा जिनिव्हाचा म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. गाड्या चाकण-रांजणगावला बनतात, मानकं कोथरूडच्या टेकडीवर लिहिली जातात आणि घाट आपण उतरतो.

मागण्या साध्या आहेत

१. थांबणं, मंदावणं, ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद यांना हात लावणारं अपडेट बाकीच्या अपडेटपासून वेगळं दाखवा. गाण्यांचं ॲप आणि ब्रेक एका 'ओके'खाली नकोत.

२. काय बदलणार हे मराठीत, दोन-चार साध्या वाक्यांत सांगा. 'पाय काढल्यावर गाडी आधीपेक्षा कमी मंदावेल' एवढं वाक्य पुरे.

३. चालकानं निवडलेली रिजनची लेव्हल अपडेटनंतर तशीच राहिली पाहिजे. ती बदलणं अटळ असेल तर पहिल्या वेळी गाडी सुरू करणाऱ्याला, मग तो कुणीही असो, स्क्रीनवर ठळक इशारा दिसला पाहिजे.

४. कुठल्या तारखेला कुठली आवृत्ती आली याची नोंद मालकाला मिळावी. अपघात झाला तर पंचनाम्यात आणि आरटीओच्या तपासणीत सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहिली जावी. आज टायरची नक्षी बघतात, मग हे का नको?

५. बस आणि कॅबच्या ताफ्यात असा बदल चालकाला सांगून, एक फेरी मोकळी चालवू देऊनच लागू करावा.

यावर कंपन्यांचा युक्तिवाद असतो की दर वेळी परवानगी मागत बसलो तर लोक 'नंतर' दाबत राहतील आणि सुरक्षेची दुरुस्ती लांबेल. मुद्दा खरा आहे. आपण फोनवर तेच करतो. म्हणून ब्रेकमधला खरा दोष काढणारं अपडेट सक्तीचं असायला माझी हरकत नाही. पण सक्तीचं असलं तरी ते गुपचूप असायचं कारण नाही. डॉक्टरही तातडीची शस्त्रक्रिया करतो तेव्हा शुद्धीवर आल्यावर काय केलं ते सांगतोच.

तोवर आपण काय करायचं

लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री अपडेट घेऊ नका. घेण्याआधी आणि घेतल्यावर सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आणि रिजनच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा. अपडेटनंतर पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, पाय काढून आणि ब्रेक दाबून गाडी कशी वागते ते बघा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आणि ड्रायव्हर ठेवला असेल तर त्यालाही सांगा. घाटमाथ्यावरून खाली उतरायचं असेल तर बॅटरी शंभर टक्के भरू नका, थोडी जागा ठेवा. एक-पेडलची सवय असेल तरी अधूनमधून मुद्दाम ब्रेक वापरा. पायाला ब्रेकची जागा आठवत राहते आणि कोकणच्या दमट हवेत डिस्कवर चढणारा गंजही निघतो.

फरक जाणवला तर नुसतं ग्रुपवर लिहून थांबू नका. कंपनीला लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. एकट्याची तक्रार 'तुमची सवय बदलली असेल' म्हणून झटकली जाते, पन्नास जणांची झटकता येत नाही.

तुमच्या गाडीत अपडेटनंतर थांबण्यात किंवा मंदावण्यात फरक पडला असेल, तर मॉडेल, साधारण तारीख आणि नेमकं काय जाणवलं एवढं कमेंटमध्ये लिहा. ऐकीव नको, स्वतःचा अनुभव लिहा. चांगला बदल झाला असेल तर तोही लिहा. सगळं एकत्र करून परिवहन विभागाला आणि एआरएआयला निवेदन द्यायचा विचार आहे. त्याचा मसुदा इथेच टाकेन, सही करायची की नाही ते वाचून ठरवा.